निवळलेलं पाणी

३ फेब्रुवारी

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

तुझी बाटली पोचली. निकाल मनासारखा नाही. पाऊस जमिनीत मुरतो तेव्हा त्या वर्षीची हवा आपल्यात विरघळवून खाली नेतो. तिच्यातले वायू मोजले की पाण्याचं वय कळतं. आपल्या विहिरीचं पाणी यंदाचंच निघालं, म्हणजे टेकडीमागे बारा वर्षं टाकतायत त्या कचऱ्याखालूनच ते झिरपत असणार. पिऊ नकोस. बाबा गेल्यापासून तू एकटीच आहेस, तेव्हा घर विकून माझ्याकडेच राहायला ये. पूर्वेची खोली रिकामी केली आहे.

तुझी,
भिंगरी

१४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तू एवढी शिकलेली, तुझं कसं चुकेल? बांधाबांध सुरू केली. कपाट शेजारचे मास्तर घेऊन गेले. दुपारी विहिरीच्या काठाशी बसते, आत बघता बघता डोळा लागतो आणि तुझे बाबा शीळ घालत अंगणातून जातात. जागी झाले की घर सोडायचं आठवतं आणि पुन्हा बांधाबांधीला लागते.

पाण्याला नावं ठेवलीस ते मात्र लागलं हो. तुझ्या प्रयोगशाळेत जायचं म्हणून किती निगुतीनं भरलं होतं! पातेल्यात दिवसभर निवळू दिलं, दोनदा फडक्यानं गाळलं, मगच बाटलीत ओतलं. जेवणाची हेळसांड करू नकोस.

आईचे आशीर्वाद

९ मार्च

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून कपाळाला हात लावला. पातेल्यात पाण्यातली जुनी हवा उडून गेली आणि तुझ्या स्वयंपाकघरातली आत शिरली. मी तुझ्या स्वयंपाकघराचं वय मोजत बसले होते! म्हणून तर त्याच दिवशी चिठ्ठी पाठवून दुसरी बाटली मागवली. ती तू मी सांगितल्याप्रमाणे बादलीत बुडवून पाण्याखालीच बूच लावून पाठवलीस, मी तीनदा तपासली. पाणी अडतीस वर्षांपूर्वीचं आहे, कचऱ्याच्या कितीतरी आधीचं. खुशाल पी, दरवर्षी तपासत राहू. मी रांगत होते आणि बाबा अंगणात शीळ घालत होते, तेव्हाची हवा तू रोज पेल्यातून पितेस. यंत्रापुढे उभी राहून मी कितीतरी वेळ हाच विचार करत होते.

एक कबूल करायचं आहे. पहिल्या आकड्यांवरूनच मला शंका यायला हवी होती. उघड्यावर ठेवलेल्या पाण्याचे आकडे तसे असतात, हे मीच मुलांना शिकवते. तरी तुला विचारलं नाही. तू येशील म्हणून मला आनंद झाला होता. रागावू नकोस.

भिंगरी

१७ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

सामान पुन्हा लावलं. मास्तरांनी कपाट परत दिलं, पण तोंड पाडून. दोन दिवस मी रागावलेच होते. मग लक्षात आलं, इतक्या वर्षांत तू मला एकदाही राहायला बोलावलं नव्हतंस. मी समजत होते, पोरीला माझी अडचण होत असेल. बोलावलंस तेही विहिरीच्या तोंडून.

पुढच्या पत्रात पाण्याबद्दल काही लिहू नकोस. नुसतं ‘आई, ये’ एवढंच लिही. घराला कुलूप लावून येते.

तुझ्या पत्राची वाट पाहणाऱ्या
आईचे आशीर्वाद