शेंदूर लागलेला ब्रेक

बुढ़ापारा, रायपूर
कोजागिरीनंतरचा गुरुवार

तीर्थस्वरूप अनंतराव यांस,

श्यामकांतचा साडेसात अंगांनी नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण उजवा गुडघा सध्या जमिनीला टेकत नाही, आणि जे अंग टेकत नाही ते मोजणं मला पटत नाही.) तुमचा रक्तदाब आटोक्यात असेल. तो मोजताना पट्टा कोपराच्या दोन बोटं वर बांधावा आणि मोजताना बोलू नये, हे मी गेल्या खेपेला सांगितलंच होतं. सुनीतीताईंना बोलू न देणं तुमच्या हातात नाही, हे समजतं. त्यांच्या कंबरेला आराम पडला असेल अशी आशा करतो. आमच्याकडे पद्मिनी आणि देवश्री मजेत आहेत. मी कसा आहे, हेच या पत्रात आहे.

पत्र घरी न धाडता तुमच्या कचेरीच्या पत्त्यावर का, असं वाटेल. तुमचा मोबाइल ताईंच्या हाती असतो, आणि ताई व पद्मिनी या दोघी बहिणींमध्ये बातमी ज्या वेगाने जाते तो वेग माझ्या सायकलीच्या बाराव्या गिअरमध्येही येत नाही. शिवाय विषय तांत्रिक आहे. तुम्ही बॉयलर निरीक्षक, दाब म्हणजे काय ते जाणणारे, म्हणून तुमच्यापाशी मोकळेपणाने लिहितो. नागपूरला आपल्या घरच्या ग्रुपवर "श्यामकांतराव तळ्यात पडले" अशी जी बातमी आली, ती चुकीची आहे. मी पडलो नाही. मी सायकलीवर नीट बसलेल्या स्थितीत, दोन्ही हात हँडलवर ठेवून, पाण्यात शिरलो. पडणं आणि शिरणं यांतला फरक ज्यांना कळत नाही त्यांनी ग्रुपवर लिहू नये.

आधी सायकलीबद्दल. ही क्रॉसकंट्री जातीची फुल सस्पेन्शन माउंटन बाइक आहे. नव्या रायपुरात एका साहेबांची बदली झाली, त्यांच्याकडून घेतली. पुढच्या चाकाला तर झटके गिळणारा फोर्क असतोच, पण मागेही, सीटखाली, हवेवर चालणारा शॉक आहे. म्हणजे सायकल पुढूनही श्वास घेते आणि मागूनही. या शॉकमध्ये हवा किती भरायची ते चालवणाऱ्याच्या वजनावर ठरतं. त्यासाठी एक छोटा, दाबाचं घड्याळ लावलेला हातपंप येतो. हे सगळं मी कोणाकडून शिकलो नाही. व्हिडिओ पाहून, ते हळू चालवून, थांबवून, वहीत आकृत्या काढून शिकलो. (शिलाई मशीन, रेडिओ आणि पंख्याचं वाइंडिंगही मी असंच शिकलो. पंखा उलटा फिरतो, पण फिरतो.) एकच अडचण झाली. वजनाच्या रकान्यात मी लग्नाच्या वेळचं वजन धरलं. बसल्यावर शॉक चौथाईभर दबायला हवा, तो जवळजवळ पूर्ण बसला. पद्मिनी दारातून पाहून म्हणाली, "हे लचकून राहिलं का मोडून राहिलं?" मी खरं वजन टाकून हवा भरली. ते वजन मात्र इथे लिहीत नाही.

सायकल आल्यापासून ती आमच्या पुढच्या खोलीत, दिवाणाशेजारी असते. बुढ़ापाऱ्याच्या गल्लीत असली वस्तू रात्री बाहेर ठेवणं म्हणजे ती दान करणं होय. पद्मिनीने तिच्यावर पहिल्या दिवसापासून बहिष्कार घातला होता. पाहुणे आले की ती सायकलीवर चादर टाकते, आणि पाहुण्यांना वाटतं आत कोणी झोपलं आहे. देवश्री फक्त एवढंच म्हणते, "पापा, प्लीज़, हेलमेट घर में मत पहनो." कोपऱ्यावरचा पानठेलेवाला नत्थू रोज विचारतो, "भैया, पहाड़ वाली साइकिल तो ले आए, पहाड़ कब ला रहे हो?" मी त्याला सस्पेन्शन डोंगरासाठी नसतं, खड्ड्यांसाठी असतं, असं समजावून सांगितलं. त्यावर तो म्हणाला, मग महापालिकेने घरोघरी एकेक द्यायला हवी. तरीही त्याचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता. रायपूर हे परातीसारखं सपाट गाव. उतार शोधता शोधता मी नव्या रायपूरपर्यंत गेलो. तिथे चौपदरी रस्ते, गोल चौक आणि सरकारी इमारती यांच्या पलीकडे जुनी गावं तशीच आहेत. त्यांतल्या एका गावच्या तळ्याला चांगला उंच बांध आहे. वरून खाली घाटापर्यंत मुरमाची पायवाट येते. जिल्ह्यातला माझा उतार तो हाच. दर रविवारी मी तिथे वजन मागे टाकून, कोपर मोकळे ठेवून उतरायचा सराव करतो.

आता खरी गोष्ट. खंडेनवमीला सकाळी मी आंघोळ करून आलो, तर पुढच्या खोलीत उदबत्तीचा वास. पाहतो तर काय, पद्मिनी सायकलीची पूजा करून राहिली होती! हँडलला झेंडूची माळ, पुढच्या चाकाखाली लिंबू, सीटवर हळदकुंकू. आपले सासरे वॅगन कारखान्यात फिटर होते, आणि त्यांच्या घरी या दिवशी पान्यापासून पोळपाटापर्यंत सगळ्या लोखंडाला तेलात कालवलेला शेंदूर लागतो, हे तुम्ही जावई म्हणून माझ्याआधी पाहिलेलं आहे. पद्मिनीने तोच शेंदूर कालवला होता, तिळाच्या तेलात. आणि सायकलीत सगळ्यांत चकचकीत, गोल, देवाच्या हातात शोभेल असं काय दिसलं? ब्रेकच्या दोन चकत्या. पुढे एक, मागे एक. दोन्हींवर तिने अंगठ्याने शेंदराचे ठसठशीत पट्टे ओढले.

अनंतराव, तुम्हाला सांगायला नको, पण लिहायला बसलोच आहे म्हणून लिहितो. चकतीच्या ब्रेकला तेल म्हणजे विष. दोन पॅड चकतीला चिमटीत धरतात म्हणून चाक थांबतं, आणि पॅडने एकदा तेल प्यायलं की चिमटीला काही अर्थ राहत नाही. हे मी एका व्हिडिओत स्पष्ट ऐकलं होतं. पण समोर पद्मिनी. जिने कधी त्या सायकलीला बोट लावलं नाही, तिने आज तिला नमस्कार केला होता आणि माझ्याकडे वळून विचारलं होतं, "झालं न बराबर?" आता तुम्हीच सांगा, या जागी कोणता नवरा घर्षणावर बोलेल? मी म्हटलं, "एकदम बराबर." ती आत गेल्यावर रुमालाने शेंदूर पुसला. (तो पुसला गेला नाही, सारखा पसरला.) मनाची समजूत अशी घातली की व्हिडिओतला माणूस परदेशातला, त्याला त्यांच्या तेलांची माहिती, तिळाच्या तेलाबद्दल तो काही बोललेला नाही.

दसऱ्याला सकाळी मी निघालो. रस्ते मोकळे होते, सणाचा दिवस, त्यामुळे ब्रेक लावायची वेळच आली नाही. (लिंबावरून चाक गेलं तेव्हा शॉकने ते असं गिळलं की मला कळलंही नाही. ही नोंद महत्त्वाची आहे.) बांधावर चढलो, माळ नीट केली, आणि उतरायला सुरुवात केली. अर्ध्यावर आलो तेव्हा खाली घाटाच्या बाजूने मांदरचा, म्हणजे इकडच्या ढोलाचा, आवाज ऐकू आला. त्या गावात नवरात्रात पेरलेले जवारे, म्हणजे आपल्या घटातले गव्हाचे अंकुर, दसऱ्याला तळ्यात सोडतात, आणि सोडण्याला इकडे ठंडा करना म्हणतात. डोक्यावर हिरव्या जवाऱ्यांच्या टोपल्या घेतलेल्या बायकांची रांग, पुढे मांदर, आणि ती रांग माझ्या पायवाटेच्या तोंडावर. मी दोन्ही ब्रेक दाबले. लिव्हर नेहमीसारखी आत गेली, पण चकती पॅडमधून लोण्यासारखी निसटत राहिली. सायकल मात्र पूर्वीपेक्षा उत्साहाने पुढे निघाली. घंटी वाजवली, तर मांदरवाल्याला वाटलं मी साथ देतो आहे. तो आणखी रंगात आला.

आता निर्णयाची वेळ होती, आणि तो मी घेतला. उजवीकडे बायका, डावीकडे घाट. मी डावीकडे वळलो. घाटाच्या पायऱ्या उतरताना, खरं सांगतो, माझ्या मनात भीती नव्हती. कौतुक होतं. एकही पायरी जाणवली नाही! मागचा शॉक दबत होता, सुटत होता, दबत होता, जणू याच पायऱ्यांसाठी तो बनवला होता. हे मनात येतं न येतं तोच पाणी छातीपर्यंत आलं आणि सायकल जलकुंभीत, म्हणजे आपल्या जलपर्णीत, रुतली. गुडघा आपटला तो तेव्हा, बुडालेल्या पायरीवर. मग रांगेत पुढे असलेली कलावती नावाची एक म्हातारी माझ्या गळ्याशी आलेल्या झेंडूच्या माळेकडे आणि पाण्यावर राहिलेल्या मागच्या चाकाच्या लाल चकतीकडे पाहून मोठ्याने म्हणाली, "ए बबा तो साइकिल ला घलो ठंडा करे बर लाने हे!" म्हणजे हा बाबा सायकलसुद्धा विसर्जन करायला घेऊन आला आहे. सगळा घाट हसला. मग तिनेच पदर खोचून मला हात दिला. आणखी चौघी आल्या. ओढताना एक जण म्हणाली, "अब्बड़ गरू हे दाई!" फार जड आहे, असं. ते कोणाला उद्देशून होतं ते मी विचारलं नाही. सायकल तर बाराच किलोची आहे.

कोणीतरी हे सगळं मोबाइलवर घेतलं होतं, आणि ते माझ्याआधी घरी पोचलं. पद्मिनी दारात उभी होती. तिने आधी गुडघ्याला हळद आणि चुना लावला. पट्टी बांधून झाल्यावर म्हणाली, "दिवाळीच्या सफाईत हे घरातून गेलं पाह्यजे. आज तळं होतं म्हणून वाचले, उद्या ट्रक राहीन." आणि चादर आणून सायकलीवर टाकली, अगदी चाकांपर्यंत.

माझी पंचाईत लक्षात घ्या. सायकल निर्दोष आहे, चालवणारा निर्दोष आहे, दोष तेलाचा आहे, हे मी तिला एका वाक्यात सिद्ध करून देऊ शकत होतो. सायकल वाचली असती. पण त्या वाक्याचा अर्थ असा झाला असता की तिच्या पूजेने मला तळ्यात घातलं. मग ती पुन्हा कधी सायकलीला हात लावणार नाही, हे एक, आणि पुढच्या वर्षी खंडेनवमीला शेंदराची वाटी हातात घेताना तिला काय वाटेल, हे दुसरं. मी मन घट्ट केलं आणि म्हटलं, "सायकलीचा दोष नाही. माझी चूक झाली. उताराचा अंदाज चुकला." पद्मिनी थांबली. म्हणाली, "काय म्हटलं? पुन्हा म्हणा बरं." मी पुन्हा म्हटलं.

अनंतराव, उताराचा माझा अंदाज चुकलेला नव्हता. तो मी दोरी आणि ओळंबा लावून आधीच मोजलेला होता. तरीही त्या दिवसापासून येईल त्याला मी हेच सांगतो आहे. दूधवाला आला, पद्मिनी म्हणाली, "सांगा न यायले, कसं झालं." मी सांगितलं. नत्थू पानाचं निमित्त करून आला, त्यालाही सांगितलं. कोजागिरीला मंडळात दूध आटत असताना तिने मला बायकांच्या घोळक्यात बोलावून घेतलं, आणि चंद्राच्या साक्षीने मी माझी चूक सांगितली. एका बाईंनी "पुरुष असून किती मोकळेपणाने बोलतात" असं म्हटल्याचं नंतर कळलं. सहन करतो आहे. पण सायकलीवरची चादर अजून तशीच आहे आणि दिवाळी जवळ येते आहे.

म्हणून एवढं लांबण लावलं. आपल्या सासुरवाडीत तुम्ही "ठीक आहे" म्हटलेली वस्तू कोणी फेकत नाही. (सासूबाईंचा तो प्रेशर कुकर आठवा.) तुम्ही भाऊबीजेला ताईंसह इकडे या, चष्मा लावून सायकल पाहा, एकदा शॉक दाबा, आणि गंभीरपणे म्हणा की यंत्र उत्तम आहे. तेल, शेंदूर, पूजा यांतला एकही शब्द नको. ताईंना शि. सा. नमस्कार, पण तो मनातल्या मनातच पोचवा, या पत्राचा त्यांना पत्ता लागायला नको.

आपला,
श्यामकांत

ता. क. येताना ब्रेकचे पॅड आणा, पुढचे आणि मागचे, दोन्ही. जुना एक पॅड नमुन्यासाठी पाकिटात घातला आहे, त्याचा वास घेऊ नका. ऑनलाइन मागवता आले असते, पण पार्सल पद्मिनी उघडते. हे पॅड तुम्ही सहज बसवून द्या, आणि कोणी विचारलं तर "हे झिजतातच" असं म्हणा.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून हे लिहितो आहे. पद्मिनी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "अनंतरावांले लिहून राहिले न? पॅड मागवा त्यायले, तेल पिलेले कितीक दिवस ठेवता?" मी पाकिटावर हात ठेवला, तेव्हा तीच पुढे बोलली. तिचं म्हणणं असं की, ब्रेकला तेल चालत नाही हे वॅगन कारखान्यातल्या फिटरच्या पोरीले कोणी शिकवायची गरज नाही. नवमीला पूजलेलं हत्यार दसरा होईपर्यंत उचलायचं नसतं, पूजा उचलली की मग घासलेटनं शेंदूर स्वच्छ पुसायचा आणि कामाला लावायचं, हे तिच्या घरी दर वर्षी होतं. "तुमाले सगळं येते म्हणून मी काही बोलली नाही. तुम्ही पूजा उठाच्या आधीच गाडी घेऊन पळाले." म्हणजे चूक माझीच होती, असं ती म्हणते. मी विचारलं, मग इतके दिवस सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, लग्नाला इतकी वर्षं झाली, माझी चूक हे दोन शब्द मी घरात कधी ऐकले नव्हते. थोडे दिवस ऐकून घेतले.

सायकल राहते आहे. तिने चादर स्वतः काढली. तुमच्या तपासणीची आता गरज उरलेली नाही, पण भाऊबीजेला जरूर या. तुमच्या आणि ताईंच्या समोर मी सगळं पहिल्यापासून, खरं घडलं तसं सांगावं, अशी तिची अट आहे. मी म्हटलं, सगळं सविस्तर लिहूनच पाठवतो आहे. ती म्हणाली, "लिहिलेलं चालणार नाही. तोंडानं सांगा."