रिकाम्या घराचा भाव

अप्पा, नांदेडचं घर मी विकलं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हा परवानगी कुणाची घ्यायची हा प्रश्न नव्हता. कागदावर तुमचं नाव होतं, तुमच्यामागं माझं लागलं. आत्याचं नाव कुठंच नव्हतं. ते तुम्हीच तसं करून ठेवलं होतं.

तो दिवस मला आठवतो. मी बारा वर्षांची. अर्धापूरची केळीची जमीन विकून विष्णुपुरीच्या रस्त्याला प्लॉट घेऊन हे घर बांधायचं तुमच्या मनात होतं, आणि त्या जमिनीत तुमच्या या विधवा बहिणीचाही हिस्सा होता. तुम्ही तिला रजिस्ट्री ऑफिसात नेलंत. लग्नाला निघाल्यासारखी ती नवं लुगडं नेसून आली. हक्कसोडपत्रावर अंगठा झाला आणि शाई लुगड्याला लागू नये म्हणून ती हात अधांतरी धरून बसली. बाहेर आल्यावर तुम्ही तिला पावशेर जिलेबी घेऊन दिलीत आणि म्हणालात, "मागची खोली तू मरेपर्यंत तुझी." मी विचारलं, "अप्पा, मग जमिनीचं आत्याला काय मिळालं?" तुम्ही भर रस्त्यात माझ्या कानाखाली मारलीत. आत्यानं मला जवळ ओढलं आणि मलाच रागावली, "मोठ्या माणसाला असं पुसू न्हाई." आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं होतं. मी पुन्हा विचारलं नाही.

तुम्ही शब्द पाळलात, ती त्या खोलीत राहिली. तुमच्या पश्चात घर तिनंच सांभाळलं. मी लातूरहून सणावाराला जायची. यंदा आम्हाला लातुरात फ्लॅट घ्यायचा होता, म्हणून घर विकायला काढलं. क्लासच्या पोरांसाठी होस्टेल काढणारा एक माणूस बायकोला घेऊन पाहायला आला. दलालानं जो भाव सांगितला तो त्याला पटत आला होता. आत्याला वाटलं पाहुणे आलेत. तिनं चहा केला, समोर बसली आणि आपणहून सांगायला लागली, "पावसाळ्यात अंगणात गुडघाभर पानी येतंय. बोअर तर होळी झाली की आटतोय. लेकरं आनून ठेवनार असाल तर आधी त्याचं बघा." तिला त्या पोरांची काळजी वाटत होती. त्या माणसानं तिथल्या तिथं पाच लाख उतरवले. मग घर फिरताना मागच्या खोलीच्या दारात थांबून त्यानं मला विचारलं, "ही म्हातारी घरासोबतच येते का?" त्याची बायको हसली, दलाल हसला. मीही हसले. आत्या कपबश्या गोळा करत होती. सगळे हसतायत म्हणून तीही तोंडभर हसली.

संध्याकाळी दलालाचा फोन आला. "मॅडम, आजी बोलून राहिल्या अन् भाव उतरून राहिला. त्यांना हलवा. खोली रिकामी करून देता असं सांगा, पाच लाख मी परत वर चढवतो." मी हो म्हणाले. विचार करायला मला वेळ लागला असं तुम्हाला खोटं सांगत नाही. त्या अटीवर तीन दिवसांत इसार हातात आला.

आत्याला सांगितलं, लातुरात डोळ्यांचा चांगला डॉक्टर आहे, आठ दिवस चल. तिनं दोन लुगडी पिशवीत घातली, कढीपत्त्याला पाणी घालायचं शेजारणीला सांगितलं आणि एसटीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मी तिला माझ्या घरी नेलं नाही. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात नेलं आणि तपासणी होईपर्यंत इथं राहायचं, असं सांगितलं. पुढं महिनाभर ती फोनवर विचारायची, "डोळे कवा दावायचे, बाई?" मी सांगायची, मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकू द्यावा लागतो. ती म्हणायची, "बरं, पिकू दे." मग तिनं विचारणं सोडून दिलं. तोवर तिच्या खोलीत सहा लोखंडी पलंग लागले होते.

हे सगळं तुमच्यापासून सुरू झालं, असं मी मनाशी बऱ्याचदा म्हणून पाहिलंय. ते खरंही आहे. पण तुम्ही तिला छप्पर दिलंत, मी तेवढंही ठेवलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, घडी घालून फाडायचंच आहे. तेव्हा नवऱ्यालाही न सांगितलेलं एवढं लिहिते. त्या आश्रमात ज्यांचं कुणी नाही त्यांना फुकट ठेवतात. नातेवाईक असला तर दरमहा पैसे भरावे लागतात. कारकुनानं फॉर्म पुढं ओढून विचारलं, "आजी तुमच्या कोण?" मी म्हणाले, "कोणी नाही. ओळखीच्या आहेत." आत्या शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. तिची नजर अधू झालीय, कान नाही. कारकून तिच्याकडं वळला, "खरं का, आजी?"

"हाव," ती म्हणाली. "लई भली बाई हाय. आपलं काम टाकून आली माझ्यासंगं."