वेशीवरचा बांबू

प्रिय कल्पिता,

मी बरा आहे, एवढं आईला वाचून दाखव. पुढचं तू एकटीने वाच. फोन केला की ती स्पीकरवर टाकते आणि सगळी आळी ऐकते, म्हणून पत्र लिहितोय.

इथे बंदरावर या नव्या व्हायरसने लोकांची डोकी फिरलीत. आमच्या खोलीत एक म्हणतो साधा ताप आहे, दुसरा म्हणतो कंपनी आकडे लपवते. दोघं एकमेकांच्या हातचा चहा पीत नाहीत. मला काही झालेलं नाही गं. ऐकून ऐकून थकलोय फक्त.

तुझी कंबर कशी आहे? मंडपाचं सामान एकटीने उचलू नकोस.

करिश्मा माझी एकुलती बहीण, तिच्या हळदीला येणारच. टेस्ट करूनच निघेन. मला गावात घेऊ नका म्हणणाऱ्यांत नयन पुढे आहे, म्हणून तू त्याच्याशी भांडलीस. नको भांडूस.

करोनात वेशीवर बांबू बांधायला मीच पुढे होतो. नयन, माझा सख्खा चुलत भाऊ, पुण्याहून चालत आलेला. "दादा, आईला लांबून बघतो फक्त," म्हणाला. मी त्याला परत पाठवला. त्याची आई, आपली ठमाबाई काकी, त्याच आठवड्यात गेली. त्यावर तो मला आजवर एक शब्द बोललेला नाही.

आता त्याने बांबू बांधला तर बांधू दे. करिश्माला सांग, हळद लागली की तशीच वेशीपर्यंत ये. मी लांबून बघेन फक्त.

तुझाच,
मयूर