एकमेकांच्या तासाला

प्रिय ठमे,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, तू बातम्या वाचून दाखवल्यासारखं बोलतेस." बरोबर आहे तुझं. विद्याशाखेचं मासिक पत्रक माझ्या गळ्यात पडल्यापासून माझी भाषाच तशी झाली आहे. वर येत्या महिन्याचे कार्यक्रम, मध्ये शिकवण्याची एखादी युक्ती, खाली पर्यावरण समितीचं आवाहन. कार्यक्रम लोक वाचतात, कारण त्यानंतर चहा असतो. युक्ती फक्त ग्रंथपालबाई वाचतात, शुद्धलेखनाच्या चुका काढायला. आवाहन कुणीच वाचत नाही. तेव्हा हे पत्रही तसंच रुक्ष झालं तर सांभाळून घे.

पर्यावरण समितीनं यंदा वर्गांत आपोआप विझणारे दिवे बसवले. खोलीत हालचाल नसली की थोड्या वेळानं अंधार. कल्पना चांगली, पण परीक्षेच्या वेळी पंचाईत होते. मुलं मान खाली घालून लिहीत असतात आणि पर्यवेक्षकाला मध्येच उभं राहून हातवारे करावे लागतात. आमच्या गणिताच्या सरांनी तर परवा पेपर संपेपर्यंत जागच्या जागी कवायत केली.

आणखी एक नवं खूळ म्हणजे एकमेकांच्या तासाला बसणं. डीनबाईंच्या डोक्यातून निघालेलं. प्रत्येकानं दुसऱ्या एका शिक्षकाच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं, मग त्यानं आपल्या वर्गात यायचं, आणि नंतर काय दिसलं ते मोकळेपणानं सांगायचं. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या. माझी चिठ्ठी डीनबाईंनी उघडली आणि त्यांचा चेहराच पडला. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बदलून देऊ का?" मी चिठ्ठी पाहिली. तुझ्या बाबांचं नाव होतं. सगळी बैठक छताकडे बघायला लागली. मी म्हटलं, "राहू द्या. चुका आम्ही पूर्वीही काढत होतो, आता कामाच्या वेळात काढू." लोक हसले. तुझे बाबाही हसले, टेबलाकडे बघून.

तुला माहीत आहे, वेगळे झाल्यापासून आम्ही एकाच इमारतीत दोन वेगवेगळ्या जिन्यांनी वर जातो. तसं काही ठरवलं नव्हतं, होऊन गेलं. समोरासमोर आलोच तर मान हलवायची, बास. त्यामुळे त्यांचा तास मी कितीतरी वर्षांनी ऐकत होते. पूर्वी ते फळ्याशी बोलायचे, मुलांकडे त्यांची पाठ असायची. आता चांगले वळून उभे होते. विषय नेहमीचाच, जमिनीखालचं पाणी. त्यांनी विचारलं, "विहीर आटली असं आपण म्हणतो. मग त्यातलं पाणी गेलं कुठे?" आणि गप्प बसले.

ठमे, ती शांतता मी ओळखली. आपल्या जेवणाच्या टेबलावर ती रोज पानात वाढलेली असायची. मी काही विचारायची, ते घास हातात धरून बसायचे, आणि तू मध्ये दुभाष्यासारखी, "बाबांना आमटी हवी आहे बहुतेक," म्हणायचीस. हळूहळू मी विचारणं बंद केलं आणि मग तर घरात भांड्यांचाच आवाज उरला. तर वर्गात तेच चाललं होतं. कुणी हलेना, कुणी बोलेना. मला वाटलं, आता ही मुलं उठून जातील, मी गेले तशी. इतक्यात दिवे गेले.

अंधारात खसखस पिकली. मागच्या रांगेतल्या एका मुलीनं दिवे लावायला हात वर करून हलवला. दिवे लागले, आणि तुझे बाबा शांतपणे म्हणाले, "हं, बोल." ती बिचारी गडबडली. "सर, मी फक्त दिव्यासाठी..." ते तरीही थांबले. मग ती म्हणाली, "गेलं नसेल कुठे, सर. खाली असेल. आपली विहीरच तिथपर्यंत पोचत नसेल." त्यावर दुसरा बोलला, मग तिसरी, आणि तास संपला तरी ती मुलं भांडत होती. मी वहीत काहीच लिहिलं नाही. ज्या गप्प बसण्यापायी मी घर सोडलं, ते इथे कुणाच्या तरी उपयोगी पडत होतं, एवढंच दिसलं. त्यानं माझ्या मागच्या दिवसांत काही बदलत नाही. पण दिसलं ते दिसलं.

मग ते माझ्या तासाला आले. नंतर व्हरांड्यात म्हणाले, "छान शिकवतेस. फक्त प्रश्न विचारल्यावर पोरांना श्वास घेऊ दे. उत्तरही तूच देऊन टाकतेस." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम मला सत्र संपायच्या आत संपवायचा असतो, पुढच्या जन्मात नाही." ते "हो, तेही आहे," म्हणून निघून गेले. दुसऱ्या दिवशी निव्वळ त्यांना खोटं पाडायला म्हणून मी प्रश्न विचारून थांबले. पण एक मुलगा बोलला. वर्षभर ज्याचा आवाज ऐकला नव्हता असा. त्या महिन्याच्या पत्रकात ती युक्ती मी नाव न घालता छापली. चहाच्या यंत्रापाशी तुझे बाबा म्हणाले, "ओळखीची वाटली." तेव्हापासून आम्ही हवापाण्याचं बोलतो.

गेल्या आठवड्यात जुन्या सामानाची अदलाबदल होती. ज्याला जे नको ते त्यानं तळमजल्यावरच्या सभागृहात आणून ठेवायचं, ज्याला हवं त्यानं न्यायचं. नवी खरेदी कमी, कचरा कमी. मी पत्रकासाठी फोटो काढायला निघाले होते, तर जिन्यात तुझे बाबा आपलं टेबल एकटेच ओढत होते. त्यांच्या मागे व्हरांड्यात खुर्च्या, कपाट, नकाशांच्या गुंडाळ्या. मी विचारलं, "खोली बदलतोयस?" म्हणाले, "सोडतोय." मुदतीच्या आधीच निवृत्ती घेतली आहे. लांब, नदीच्या उगमाकडे, पाण्याची पातळी मोजणारं एक छोटं केंद्र आहे, तिथे राहणार. "इतकी वर्षं जे शिकवलं ते एकदा बघून येतो." परत यायचं बोलले नाहीत.

मी टेबलाचं दुसरं टोक धरलं. तीन मजले आम्ही ते खाली आणलं, "जरा डावीकडे", "सांभाळ, पायरी आहे", एवढंच बोलत. शेवटच्या वळणावर त्यांनी टेबल टेकवलं आणि विचारलं, "ठमी कशी आहे?" मी म्हटलं, "तिलाच विचार." म्हणाले, "उचलत नाही फोन." म्हटलं, "माहीत आहे." मग आम्ही टेबल पुन्हा उचललं.

त्यांचा शेवटचा तास पुढच्या गुरुवारी सकाळी अकराला आहे, सगळ्यांसाठी खुला. पत्रकात ती ओळ मीच लिहिली. पण तुला कळवायला त्यांनी मला सांगितलेलं नाही, तेव्हा मी त्यांची वकिली करते आहे असं समजू नकोस. त्यांचा फोन उचलू नकोस असं मी तुला कधी म्हटलं नव्हतं, उचल असंही म्हणत नाही. तुझा राग तुझा आहे, हवा तर बरोबर घेऊन ये. पण मला त्या तासाला जायचं आहे, आणि कुठे बसावं ते कळत नाही. पहिल्या रांगेत घरची माणसं असतात, त्यांत मी नाही. सहकाऱ्यांत बसले तर सगळे तासाऐवजी माझ्याकडे बघतील, आणि मला रडू आलं तर महिनाभर चर्चेला विषय होईल. माझी आई एकटी मजेत राहते, असं तू मैत्रिणींना अभिमानानं सांगतेस. राहते मी, खोटं नाही ते. फक्त तो एक तास मला एकटीला जमायचा नाही. त्यांच्याशी एक शब्द बोलू नकोस, वाटलं तर मान वर करून बघूही नकोस. माझ्या शेजारी येऊन बस.

तुझीच वाट बघत,
आई