हेलिकॉप्टर आणि सहा आईझाडं

स्लोकन खोरे, ९ ऑगस्ट

ती. पीटरदादास धाकट्या बहिणीचा, पोल्याचा, सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. परवाना जायची वेळ आली आहे, आणि तीही आमच्या ह्यांच्या पळण्याच्या वेगामुळे.

वीस वर्षं ह्यांनी, म्हणजे तुझ्या निकोलाय मेहुण्यांनी, डोंगरात चोरून गांजा पिकवला, हे तू जाणतोसच. कायदा बदलला, गेल्या वसंतात आमच्या शेडला रीतसर परवाना मिळाला. कुंपण, कॅमेरे, कुलपं, रोपारोपाची नोंद. परवा पलीकडच्या डोंगराला वणवा लागला आणि तो विझवायला निघालेलं हेलिकॉप्टर छपरावरून गेलं. पूर्वी पोलिसांचं जायचं, तसंच. हे हातातली अर्धी खाल्लेली पिरोही टाकून उठले. ज्यांच्या फांद्यांपासून आमची सारी रोपं होतात ती सहा आईझाडं कुंड्यांसकट देवदारांत नेऊन ताडपत्रीखाली लपवली. आपण आता कायदेशीर आहोत, असं मी ओरडत होते. ते ह्यांच्या कानी गेलं सहाव्या कुंडीनंतर.

झाडं संध्याकाळच्या आत परत आली. पण परवान्याच्या जागेबाहेर रोप नेलं की परवानाच जाऊ शकतो. मी म्हटलं, कॅमेऱ्यातलं चित्रण कुणी मागून पाहत नाही, गप्प बसू. हे म्हणतात, लपवायचंच होतं तर परवाना कशाला काढला? परवान्याच्या सरकारी तपासनीस बाई सुट्टीवरून आल्या की सगळं सांगणार. दादा, तू समजाव. ह्या वयात ह्यांना दुसरं कुठलं काम येणार आहे?

तुझा माझ्यावरचा लोभ थोडा ह्यांच्याकडेही वळू दे.

तुझी पोल्या

सास्काटून, १६ ऑगस्ट

चि. पोल्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ऐकून तुझी वहिनी इतकी हसली की चुलीवरचं बोर्श्ट सूप उतू गेलं. मी हसलो नाही. ज्येष्ठ बंधूस ते शोभत नाही. नंतर गॅरेजात जाऊन हसलो.

समजावण्याचं म्हणशील, तर लग्नाच्या वेळी तुला समजावून दमलो होतो की हा गृहस्थ सरळ नाही. आपल्या दुखोबोर पंथाच्या पूर्वजांनी कुणावर शस्त्र उचलायचं नाही म्हणून बंदुकांची होळी केली आणि ते पळाले नाहीत. झारचे चाबूक खायला तिथेच उभे राहिले. मेहुण्यांत ते बीज असावं, उगवायला वेळ लागला इतकंच. त्यांना अडवू नकोस. परवाना गेलाच तर दोघं इकडे या. इथे गव्हाला कुणी परवाना मागत नाही, भावही देत नाही.

ममता आहेच, ती विनातपासणी स्वीकारावी.

तुझा दादा

स्लोकन खोरे, ३० ऑगस्ट

ती. दादास सा. न.

तपासनीस फूर्निए बाई येऊन गेल्या. कॅमेऱ्यातलं चित्रण त्यांनी सबंध पाहिलं: पुढे हे कुंडी घेऊन, मागे मी लाटणं घेऊन. हेलिकॉप्टरमध्ये कोण आहे असं वाटलं, असं बाईंनी विचारलं. हे म्हणाले, बाई, तुम्हीच. बाईंनी चष्मा पुसायला बराच वेळ घेतला.

निर्णय मात्र हसण्यावारी नेला नाही. बाहेर गेलेली सहाही झाडं बाद. तुकडे करून कॅमेऱ्यासमोर मातीत कालवायची. ह्यांनी ती स्वतः कालवली. त्यांच्या फांद्यांची आत वाढणारी रोपं वाचली. लेखी ताकीद मिळाली. परवाना राहिला.

निघताना बाई म्हणाल्या की आपली चूक आपणच कळवणारे उत्पादक त्यांना फार भेटत नाहीत. त्यावर हे म्हणाले, वीस वर्षं सांगावंसं पुष्कळ वाटे, पण ऐकायला कुणी नेमलेलं नव्हतं.

मग हे सरकारी गाडीला निरोप द्यायला फाटकापर्यंत गेले, आणि ती वळणाआड होईतो भर रस्त्यात उघड्यावर उभे राहिले. मी खिडकीतून पाहत होते. हाक मारवेना.

वहिनीस नमस्कार. लोभ असाच राहू दे.

तुझी पोल्या