भिंतीवरचे काका

प्रिय आत्या,

थोरल्या काकांवर मी लिहायला घेतलं, तेव्हा तू म्हणालीस, "लढाईत हरवलेल्या माणसाचं आता काय सापडणार?" सापडलं. त्यांच्या तुकडीतला स्वयंपाकी अजून आहे. नव्वदी ओलांडलीय, कान गेलेत, जीभ शाबूत आहे.

बैठकीच्या भिंतीवरचा आपला फोटो मी त्याच्यापुढे धरला. तो म्हणाला, "हा तर मी."

दोघांनी एकाच दिवशी फोटो काढले आणि स्टुडिओवाल्याने घरी धाडताना पाकिटांची अदलाबदल केली. काका गेले तेव्हा तू पाळण्यात होतीस, बाबा शाळेतही जात नव्हते. तुम्हाला कसं कळणार? आमच्या धाकट्याचं नाक थेट काकांचं, असं आपण जन्मभर सांगत आलो. ते नाक एका परक्या स्वयंपाक्याचं निघालं.

आजीला मात्र माहीत होतं. लढाई संपल्यावर हा स्वयंपाकी काकांचा खरा फोटो घेऊन आला, तेव्हा तिने त्याला दारातच सांगितलं, "तो तुझ्याकडेच ठेव. माझ्या भिंतीवरचा मुलगा जिवंत आहे. तसाच राहू दे."

निघताना त्याने तो फोटो माझ्या हातात दिला. हे पत्र मी टाकणार नाही. सुनेकडून वाचून घ्यावी अशी ही गोष्ट नाही. रविवारी फोटो घेऊन मीच येते.

लहानपणी मला न्याहाळत तू म्हणायचीस, "ही कोणावर गेली, देव जाणे." आता मलाही ठाऊक आहे.

तुझी,
काकांसारख्याच सुपाएवढ्या कानांची भाची