गोळ्यांची पंगत

रा. रा. साडूभाऊ मोतीलालजी यांस पारोळ्याजवळच्या अभिमनचा रामराम.

इकडे सर्व खुशाल. तिकडची खुशाली तुमच्या फ्लेक्सवरून कळली. (शिंदखेड्याच्या स्टँडवर हितेंद्रच्या अभिनंदनाचा जो फ्लेक्स लागलाय, त्यात हितेंद्र पासपोर्टच्या फोटोएवढा आणि तुम्ही दाराएवढे आहात, असं बघून आलेला माणूस सांगत होता.) तुमचे गुडघे कसे आहेत? मंजुळाबाईंच्या थायरॉईडचं काय? सकाळी उपाशीपोटी गोळी घेतल्यावर अर्धा तास त्यांना चहा चालत नाही आणि तो अर्धा तास तुम्ही गल्लीच्या टोकाला उभे राहून काढता, हे ऐकून वाईट वाटलं. फोनच करणार होतो, पण तुमचा फोन कायम मंजुळाबाईंच्या हातात आणि तोही स्पीकरवर. आमच्या घरातलं खोकणंसुद्धा तुमच्या गल्लीला ऐकू जातं. म्हणून पोस्टाची वाट धरली.

कारण म्हणाल तर अभिनंदन. येत्या रविवारी जळगावला डॉक्टरांच्या परिषदेत हितेंद्र त्याचं संशोधन वाचणार आहे, आणि ते संशोधन आमच्याच गावच्या साखरवाल्यांवर, म्हणजे मधुमेहाच्या लोकांवर झालेलं आहे. त्यात गावाचा हात किती आहे हे त्या पोराला अजून माहीत नाही. तुम्ही बाप आहात, तुम्हाला माहीत असावं.

यशोदेला घेऊन मी त्याच्या धुळ्याच्या दवाखान्यात पहिल्यांदा गेलो ते तिच्या पायाच्या अंगठ्यासाठी. काटा रुतल्याचं निमित्त झालं आणि जखम भरायचं नाव घेईना. दारावर 'अंतःस्रावी ग्रंथी विकार तज्ज्ञ' अशी पाटी आहे. (आमचे माजी सरपंच भिकननाना ती पाटी बघून समोरच्या दातांच्या डॉक्टरकडे जाऊन बसले होते. तिथली त्यांना वाचता आली.) आत हितेंद्र सख्ख्या मावशीकडे न बघता रिपोर्टला विचारत होता, काय होतंय म्हणून. रिपोर्टने सांगितलं तेवढं त्याने लिहून घेतलं. मग माणसाच्या सगळ्या भानगडी ग्रंथींमुळे होतात हे त्याने आम्हाला समजावलं. जाडी ग्रंथीमुळे, झोप ग्रंथीमुळे, मावसांचा राग पण ग्रंथीमुळे. यशोदा म्हणाली, "बेटा, लगीनना पहिले ती ग्रंथी तपाशी लेता येत नही का?" त्यावर त्याने तिची वरण-बट्टी बंद केली, केळी बंद केली. (हे सांगताना त्याच्या टेबलाखाली सासऱ्यांच्या रावेरच्या बागेतून आलेला केळीचा घड होता.) आणि साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल म्हणाला. ते ऐकल्यावर मात्र आम्ही दोघं धुळे ते पारोळा त्या अंगठ्याकडेच बघत आलो.

त्यानंतर हे संशोधन निघालं. कुठल्याशा कंपनीची साखरेवरची नवी गोळी होती. शाळेत शिबिर झालं, प्रत्येकाला एक पिशवी मिळाली. (साखर नसलेल्यांनीही रांग लावली. पुजारी तर दोन घेऊन गेला.) हितेंद्रने एक संमतीपत्र वाचून दाखवलं. ते मराठीत आहे असं तो म्हणाला, म्हणून आम्ही साखरवाल्यांनी सह्या केल्या, यशोदेने केली आणि मीही. आम्हाला कळलं ते इतकंच, की ज्याचं जुनं औषध चालू आहे ते चालूच ठेवायचं आणि वर दर महिन्याला मिळणाऱ्या डबीतली ही नवी गोळी रोज एक घ्यायची. पण निम्म्या लोकांच्या डबीत खरी गोळी आणि निम्म्यांच्या डबीत तशीच दिसणारी पोकळ, नुसत्या भुकटीची. कोणाला कोणती मिळाली हे घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. यालाच शास्त्र म्हणतात, असं तो म्हणाला.

आता साडूभाऊ, तुम्ही काही विलायतेत वाढला नाहीत. एका पंगतीत निम्म्यांच्या बट्टीवर तूप आणि निम्म्यांच्या बट्टीवर पाणी वाढलं, आणि वाढप्याचे डोळे बांधले होते म्हणून कोणी रागावू नये असं सांगितलं, तर त्या वाढप्याचं काय होईल? हितेंद्रची गाडी पारोळ्याच्या रस्त्याला लागते न लागते तोच भिकननाना मारुतीच्या ओट्यावर उभे राहिले. "एक पंगतमा एकले तूप नि एकले पानी, हाई कोठला न्याय शे? बठ्ठासले सारखंच भेटाले पाह्यजे." गावाने माना डोलावल्या. (याच नानांनी सरपंच असताना नळाचं पाणी सगळ्यांत आधी आपल्या गल्लीत नेलं होतं. पण ते पाणी होतं, हे औषध.) लगेच सप्त्याच्या जेवणावळीची परात आली. सगळ्यांच्या डब्या तिच्यात पालथ्या झाल्या, नानांनी दोन्ही हातांनी गोळ्या कालवल्या आणि ज्याच्या त्याच्या डबीत पुन्हा सारख्या भरून दिल्या. खऱ्या आणि पोकळ, सगळ्यांना सारख्याच लाभल्या असतील. पुढे दर महिन्याला डब्या आल्या की हाच कार्यक्रम झाला. हितेंद्रला कळू द्यायचं नाही अशी मारुतीसमोर शपथही झाली, कारण शिकलेल्या पोराला उगाच वाईट वाटलं असतं.

व्हायचं तेच झालं. सगळ्यांची साखर थोडी थोडी उतरली, आणि अभ्यास संपल्यावर कंपनीने उघडलेल्या यादीत जे खऱ्या गोळीचे होते त्यांची व जे पोकळ गोळीचे होते त्यांची अगदी बरोबरीने उतरली. पोरगं चक्रावलं. रक्त पुण्याला पाठवलं, पुण्यानेही तेच सांगितलं. सगळं तपासलं, फक्त आम्हाला काही विचारलं नाही. शेवटी त्याला उलगडा झाला, की नव्या गोळीत दम नाही, गोळी घेतोय या नुसत्या विश्वासावरच आमची साखर उतरली. रविवारी तो हेच वाचणार आहे. खान्देशातला माणूस म्हणे श्रद्धेने बरा होतो. (आमच्या मारुतीला वाहिलेला नारळ संध्याकाळी पुन्हा दुकानात विकायला असतो. अशा गावची ही श्रद्धा.)

निकालाच्या दिवशी शाळेत सभा झाली. यशोदेला पुढे बोलावून टाळ्या वाजवल्या, कारण तिची साखर साऱ्या गावात सगळ्यांत जास्त उतरली होती. अंगठा भरून आला, काढायची गोष्ट मागे पडली. आता ती बांधापर्यंत चालत जाते आणि तिथून मला हाका मारते. पूर्वी त्या हाकांनी माझं डोकं उठायचं, आता ऐकू आल्या नाहीत तर मी बघायला जातो. (आखाजीच्या सणाला तेवढी तिला एकदा दरदरून घाम येऊन चक्कर आली होती. गुळाचं पाणी दिल्यावर उठून बसली. हितेंद्रला त्याचंही कोडं पडलं.) तिच्यानंतर मला उभं केलं. गावात एकट्या माझी साखर उतरायचं सोडून वर गेली होती. हितेंद्र सगळ्यांसमोर म्हणाला, "मावसा, तुम्ही चोरून कानबाईच्या प्रसादाचे रोट खात असणार. असा एक तरी बेशिस्त माणूस प्रत्येक अभ्यासात निघतोच." लोक हसले. मीही हसलो. मग त्याने सांगितलं, की कंपनी ही गोळी आता गुंडाळणार आहे, आणि गावाने त्यालाही टाळ्या वाजवल्या, कारण एवढं एक वाक्य तो इंग्रजीत बोलला होता.

असो. हितेंद्रच्या सत्काराला येतोच, माझ्यासाठी एक फेटा बाजूला ठेवा. मंजुळाबाईंना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू द्या, वाढवायची घाई नाही.

तुमचा बेशिस्त साडू,
अभिमन

ता. क. फेट्याचं राहू द्या. हितेंद्रला रविवारी ते वाचू देऊ नका. परातीची गोष्ट त्याला सांगा. माझं नाव घेऊ नका, बाजारात कानावर आली म्हणा. तो चिडेल, तुम्हाला फ्लेक्स उतरवावा लागेल, भिकननाना माझ्याशी बोलायचं सोडतील. (यातल्या शेवटच्याला माझी हरकत नाही.) पण गोळी चांगली होती हे कंपनीला कळलंच पाहिजे. डब्या बंद झाल्यापासून यशोदेचा अंगठा पुन्हा लाल दिसतोय. मला भीती वाटते.

ता. क. दुसरा. बाजारातल्या गोष्टीवर त्याचा विश्वास बसणार नाही, तो पुरावा मागेल. तेव्हा माझं नाव घ्या. परातीतून माझ्या वाट्याला आलेली एकही गोळी मी तोंडात घातली नाही. रोज सकाळी यशोदेच्या हातावर तिची एक आणि माझी एक ठेवायचो, आणि हितेंद्रनेच तुला दोन सांगितल्यात म्हणायचो. निम्म्या पोकळ आहेत हे कळल्यावर तिला एका गोळीच्या भरवशावर सोडायला मन धजलं नाही. म्हणजे गावाच्या त्या पंगतीत पंक्तिप्रपंच केला तो मीच. हितेंद्रला म्हणावं, रोट मी खाल्ले नाहीत. त्याला जो खरा अभ्यास करायचा होता तो आमच्या घरात एका चुलीवर झालाय. घेणारी तेवढी यशोदा आणि न घेणारा तेवढा मी. दोघांचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बघ म्हणावं.

ता. क. तिसरा. हे पत्र मंजुळाबाईंच्या हाती लागू देऊ नका. त्या बहिणीला सांगतील, आणि मग पुन्हा गोळ्या सुरू झाल्या तर यशोदा आपली अर्धी तोडून माझ्या ताटात ठेवत बसेल.